चाकं बदलून कंटाळलात? गॅरेजातलं जड मशीन नक्की कुठे अडतंय ते आधी बघा

चौघांत मिळून एक गॅरेज असलं की हा त्रास ठरलेला. जागा एकाची, सुतारकामाची मशिनं सगळ्यांची, आणि पाऊस लागला की त्याच जागेत गाडी पण आत घ्यायची असते, स्कूटर तर विचारतच नाही. म्हणजे रंधा मशीन भिंतीला, कटर (गोल ब्लेडची करवत) मधे, बँडसॉ (उभ्या पट्टा-पात्याची करवत) कोपऱ्यात असं एकदा लावून मोकळं होणं आपल्या नशिबात नाही, रोज काही ना काही सरकवावंच लागतं. मग कोणीतरी हार्डवेअरमधून चाकं आणतो, थोडे दिवस मजेत जातात, आणि हळूहळू तक्रारी सुरू होतात. ढकललं की अडतं, वळवलं की भलतीकडे जातं, ब्रेक लावला तरी रंधा मारताना डुलतं, जागा बदलली की कटिंग वाकडं येतं. परत चाकं बदला, परत थोडे दिवस बरं, परत तेच.

आमचं गॅरेज गोव्यात डिचोलीच्या बाजूला, जुन्या घराचं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की कोणाला मखर, कोणाला चौरंग, कोणाला माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची) चौकट असं एकदमच काम येतं आणि मशिनं दिवसभर इकडून तिकडे होतात, त्यामुळे हे सगळे प्रकार आमच्याकडे बघून झालेत. माझं मत असं झालंय की चाकाला फुकट शिव्या पडतात. बहुतेक वेळा दोष जमिनीचा असतो, आणि दुसरा दोष आपला, की जे मशीन काम करताना स्वतःच्या पायांवर उभं असायला पाहिजे ते आपण बारा महिने चाकांवर ठेवतो. चाक फक्त न्यायला, उभं राहायला पाय. हे वेगळं केलं नाही तर कितीही महाग चाक आणा.

आधी जमीन बघा. आपल्याकडच्या जुन्या घरांना चिऱ्याचं जोतं, आत मातीची भर, वर कोबा नाहीतर शहाबादी लादी. गाडीची चाकं जिथे वर्षानुवर्षं उभी राहतात तिथली भर दबते आणि दोन उथळ चर तयार होतात, डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय पावसाचं पाणी आत थांबू नये म्हणून गेटकडे उतार मुद्दामच दिलेला असतो, आणि गॅरेज आणि पोर्च जिथे जुळतात तिथे हमखास एक धार. मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, सगळं बाजूला करून दोन बादल्या पाणी ओता आणि झाडूने पसरून टाका. पाणी वाहून गेल्यावर जिथे डबकं राहील तिथे खडूने गोल मारा. बस, हा तुमचा नकाशा. गवंड्याकडची सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी मिळाली तर ती आडवी ठेवून खालची फट पण बघून घ्या. पावसाळ्यात ही परीक्षा करू नका, जमीन सुकतच नाही आणि सगळीकडेच ओल दिसते.

आता ती धार. ५ मिलीमीटरची धार म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, जरा हिशोब करून बघा. २ इंची चाकाला ५ मिलीमीटर चढायला त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या पाऊणपट जोर आडवा लावावा लागतो. ४ इंची चाकाला तेच अर्ध्याच्या जरा खाली, ५ इंचीला अजून थोडं कमी. ३०० किलोचं रंधा मशीन धरलं, मोटर धरून बारा इंची कास्ट आयर्न मशीन सहज तिथे जातं, तर चार चाकांवर प्रत्येकी ७५ किलो, आणि पुढची दोन चाकं एकदम धारेला लागली की २ इंची चाकांना ११० किलोच्या वर जोर आणि ४ इंचीला ७०-७५. दोघांनी मिळून पण ११० किलोचा धक्का मारणं सोपं नाही, आणि मारलाच तर मशीन धार ओलांडून एकदम पुढे उडी घेतं, कोणाच्या तरी पायावर. म्हणून २ इंची चाकं टीव्हीच्या टेबलाला ठेवा. आणि धार तिरकी ओलांडा, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं आणि जोर निम्मा होतो. बुटक्या मशीनला हे चालतं, बँडसॉला नाही, त्याचं पुढे सांगतो. खरा उपाय म्हणजे त्या धारेवर सिमेंटचा हातभर रुंद उतार करून घेणं, गवंडी दुसऱ्या कामाला आलेला असेल तेव्हा अर्ध्या तासात करून जातो, पण हे कोणी करत नाही आणि चाकांवर पैसे घालत बसतात.

चाकाची ताकद मोजताना बरेच लोक मशीनचं वजन भागिले चार करतात. ते चुकतं. वेड्यावाकड्या जमिनीवर कडक फ्रेमची चारही चाकं कधीच सारखी टेकत नाहीत, तीनच टेकतात आणि चौथं नुसतं शोभेला असतं. म्हणून भागिले तीन करायचं. ३०० किलोला प्रत्येकी १००, वर धक्क्यांचा हिशोब धरून १५० किलोवालं घ्यायचं. वर्षभरात प्लेट वाकली, बेअरिंग बसलं असं सांगणाऱ्यांनी आधी हा भागाकार बघावा.

कुठलं चाक? नायलॉन सगळ्यात हलकं फिरतं, जड मशीनला मला तेच आवडतं, पण आवाज करतं आणि लादीवर आपटलं तर लादी फोडतं. रबर शांत, पण एकाच जागी महिनाभर वजनाखाली उभं राहिलं की खालून चपटं होतं, आणि मग प्रत्येक फेऱ्याला ठक ठक. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) चाक दोन्हीच्या मधलं, लोक त्यालाच चांगलं म्हणतात, पण त्यातल्या काही जाती उष्ण दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन चुरा व्हायला लागतात, आणि आपली हवा म्हणजे कशी ते सांगायला नको. जे घ्याल ते घ्या, दर दोन-तीन महिन्यांनी उचलून साफ करा.

साफ करायचं म्हणजे वरून फडकं मारायचं नाही. एकदा चाक काढून उलटं धरून बघा. काट्याच्या (चाक ज्यात बसतं त्या पत्र्याच्या) आणि चाकाच्या मधे भुसा, काथ्याचे धागे, पॅकिंगची सुतळी, कोणाच्या तरी पॉलिशच्या कपड्याचा दोरा असं सगळं ॲक्सलवर गुंडाळून करकचून बसलेलं असतं, आणि त्यात तांबड्या मातीचा चिखल मिसळून सुकला की काळपट तपकिरी गोळा होतो जो नखाने निघत नाही, पटाशीची मागची बाजू लावावी लागते. चिऱ्याचे बारीक कण त्यात सॅन्डपेपरचं काम करतात. असं चाक फिरत नाही, घसटतं, आणि एका बाजूला सपाट होतं. ते साफ करून, ॲक्सल पुसून, लिथियम ग्रीस भरा. गंज सोडवायचा स्प्रे मारून सोडून देऊ नका, तो वंगण म्हणून टिकत नाही आणि उलट जुनं ग्रीस धुऊन काढतो. खोबरेल तर नकोच, त्याचा चिकटा होतो आणि भुसा अजून धरतो. हल्ली नवीन चाक घेतलं तरी आमच्यातले एक काका आधी ते उघडून ग्रीस भरतात मगच लावतात, आणि त्यांच्याच मशीनची चाकं सगळ्यात जास्त टिकलीत.

आता वळवताना भलतीकडे जाण्याचं. फिरतं चाक, म्हणजे सगळ्या दिशांना वळणारं, त्याच्या वरच्या खिळीच्या बरोबर खाली नसतं, दीड इंच मागे असतं, म्हणूनच ते ओढल्या दिशेने वळतं. तुम्ही मशीन पुढे नेलं आणि मग उलटं मागे ढकललं की प्रत्येक चाकाला अर्धा फेरा घ्यावा लागतो आणि त्यात मशीन दोन-तीन इंच बाजूला ढकललं जातं. चारही चाकं फिरती असतील तर कोपऱ्यात अगदी शेवटच्या क्षणी हे होतं, भिंतीला मशीन लावताना, आणि मग लोक लाथा मारतात. दोन फिक्स, दोन फिरती लावा. फिक्स चाकं जिकडे भिंत तिकडे, आणि फिरत्या टोकाकडून माणूस ढकलेल. जिथे फार अरुंद जागा आहे तिथेच चार फिरती, बाकी नाही.

ब्रेक लावूनही डुलतं ते पण याच कारणाने. साधा ब्रेक फक्त चाक धरतो, वरची फिरकी मोकळीच राहते, त्यामुळे मशीन त्या दीड इंचात मागेपुढे हलतं. दोन्ही धरणारा ब्रेक मिळतो, त्याला टोटल लॉक म्हणतात, हलक्या मशीनला तो पुरतो. पण रंध्यावर सहा फुटी सागाची फळी जोराने ढकलताना किंवा कटरवर जाड माट्टीचा (ऐनाचा) ठोकळा घालताना मला मशीन अजिबात हललेलं नको असतं, आणि त्याला पायच लागतात.

पायांसाठी आम्ही जे करून घेतलंय ते सांगतो, कुठल्याही फॅब्रिकेटरकडे होईल. ४० बाय ४० बाय ५ मिलीमीटरचा लोखंडी अँगल घ्यायचा, मशीनच्या बुडाच्या मापाची चौकट. चौकटीच्या चार कोपऱ्यांना एम १६ (१६ मिलीमीटरच्या बोल्टचे) नट वेल्ड करून त्यात बोल्टचे पाय, खाली रबर पॅड, हे झाले उभं राहायचे पाय. एका टोकाला चौकटीच्या बाहेर दोन फिक्स ४ इंची चाकं, आणि ती अशा उंचीवर की मशीन पायांवर उभं असताना चाक जमिनीपासून ३ मिलीमीटर वर राहील. चाक बाहेर का, तर चौकटीखाली लावलं तर टेबल पाच इंच वर जातं आणि मग बुटक्या माणसाला रंधा मारताना खांदे दुखतात. दुसऱ्या टोकाला एक आडवा पाईप वेल्ड करायचा, त्यात अडकेल असा हूक असलेली वेगळी दांडी, दांडीला खाली एक फिरतं चाक. दांडी अडकवून खाली दाबली की ते टोक वर येतं, दुसऱ्या टोकाची चाकं टेकतात आणि मशीन तीन चाकांवर चालू लागतं, आपल्या एकचाकी ढकलगाडीसारखंच पण उलटं. एका टोकाला १५० किलो येत असेल आणि दांडी एकास सहा असेल तर २५ किलोचा दाब पुरतो, एकटा माणूस करू शकतो. तीन चाकांचा अजून एक फायदा, जमीन कशीही असो तिन्ही टेकतातच. दांडी एकच, सगळ्या मशीनच्या चौकटींना तोच पाईप तेवढ्याच उंचीवर लावून घ्या. पायाने दाबायची तयार उचल चाकं पण मिळतात, फोंड्या-म्हापशात नाही मिळाली तर ऑनलाइन, दीडशे किलोच्या आतल्या मशीनला ती बरी.

हायड्रॉलिक पॅलेट ट्रक (गोदामात माल उचलून न्यायची, हाताने ओढायची दोन काट्यांची गाडी) घ्यायचा का असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. मशीन जर दोन जाड लाकडी दांड्यांवर कायमचं बोल्ट केलं आणि खाली १०० मिलीमीटर मोकळं ठेवलं तर त्याचे काटे आत जातात, कारण खाली बसवलेले काटे साधारण ८५ मिलीमीटर उंच असतात. एकदम सोपं काम, दोन टन सहज उचलतो. पण वळायला जागा लागते, खडबडीत जमिनीवर त्याची छोटी चाकं तीच धारेची रड करतात, आणि साध्या ट्रकला ब्रेक नसतो. मोठं सपाट गॅरेज असेल तरच. आपल्या पोर्चच्या उतारावर तर मी नाव काढणार नाही.

उताराचं पण बोलतो, कारण खरी भीती तिथेच आहे. पोर्चला पन्नासात एक उतार म्हणजे डोळ्याला सपाटच दिसतो, पण ३०० किलोच्या मशीनला तो सतत ६ किलोने गेटकडे ओढत असतो, आणि गुळगुळीत लादीवर चांगलं नायलॉनचं चाक तेवढ्यावर आपोआप चालू लागू शकतं. म्हणून दांडी सोडायच्या आधी पाचर घालायची, नेहमी. पाचरी माट्टीच्या किंवा अशाच कुठल्या जड लाकडाच्या तुकड्याच्या करून ठेवा, प्लायवूडच्या नको, वजनाखाली थर सुटतात. टेम्पोतून उतरवताना फळीचा उतार बारास एक ठेवला तर ३०० किलोला २५ किलोचा ओढा येतो, तो माणसं धरतात, पण फळी आखूड घेतली की हिशोब कोसळतो. उतरवताना वरच्या बाजूला दोरी बांधून ती माडाला नाहीतर पक्क्या खांबाला दीड वेढा देऊन सैल करत सोडायची. खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, "मी धरतो" म्हणणारा तर अजिबात नाही. आणि मशीन कलायला लागलं तर सोडा आणि मागे व्हा, लोखंड परत जोडता येतं.

बँडसॉचं वेगळं का म्हटलं ते आता. त्याचं वजन वर असतं, बूड अरुंद. बूड ४० सेंटिमीटर रुंद आणि वजनाचा मध्य ८० सेंटिमीटरवर असेल तर साधारण १४ अंश कलला की गेला. त्याला खाली ५ इंची फिरती चाकं लावली, मध्य अजून वर गेला, आणि चाकं आतल्या बाजूला वळलेली असताना टेकायची जागा दोन्हीकडून ४ सेंटिमीटर आत आली, तर तोच आकडा १० वर येतो. १० अंश फार नाहीत, एक चाक धारेवर आणि दुसरं चरात गेलं की त्यातले काही तिथेच जातात, बाकीचं एक धक्का करतो. म्हणून बँडसॉची चौकट बुडापेक्षा दोन्हीकडे हातभर रुंद करा, चाकं त्या टोकांना, आणि धार सरळ ओलांडा, खाली पत्र्याचा उतार टाकून. हलवायच्या आधी पात्याचा ताण सैल करा, वरचा गाईड खाली आणा. आणि टेबलाला धरून ओढू नका, टेबल ज्याच्यावर कलतं तो तुकडा कास्टिंगचा असतो, मोडला की पार्ट मिळेपर्यंत मशीन बंद. तसंच रंध्याची फेन्स (फळी टेकवायची उभी पट्टी) आणि लेथचा टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग) आधीच काढून बाजूला ठेवायचा, ही वजनं ऐन वेळी सरकतात.

जागा बदलली की कटिंग वाकडं येतं ही तक्रार मात्र चाकाची नाहीच. मशीन जिथे होतं तिथे चारही पाय टेकत होते, नवीन जागी तीन टेकले, चौथा हवेत, आणि लांब मशीनची चौकट तेवढी पिळली. रंध्याची पुढची आणि मागची टेबलं त्याने एका पातळीत राहत नाहीत, फळी मधे खोलगट किंवा फुगीर निघते आणि मग आपण ब्लेड काढून बसतो. मशीन उभं केलं की पेपराची एक पट्टी फाडून प्रत्येक पायाखाली सारायचा प्रयत्न करा. जिथे सहज गेली तो पाय उपाशी आहे, तो बोल्ट खाली फिरवा, पट्टी अडेपर्यंतच, पुढे नको, नाहीतर दुसरा पाय उचलला जातो. मग दोन्ही टेबलांवर सरळपट्टी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) फट बघा. कटरला टेबलातल्या खाचेपासून ब्लेडचा एकच दात पुढे आणि तोच दात मागे फिरवून मोजा, दोन्ही माप सारखं आलं म्हणजे झालं. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे, आणि रोज करायला लागू नये म्हणून आम्ही प्रत्येक मशीनच्या कामाच्या जागेवर पायांभोवती ऑइल पेंटने चौकोन काढलेत, रंग वेगवेगळे, आणि जिथे चर आहे तिथला पत्र्याचा तुकडा इपॉक्सीने जमिनीलाच चिकटवलाय, कारण सुट्टा पत्रा ठेवला की संध्याकाळी झाडू मारणारा तो कचऱ्यात घालतो. मशीन त्याच चौकोनात परत आलं की पाय फिरवावे लागत नाहीत.

चौघांच्या जागेत हे चौकोन दुसऱ्याही कामाला येतात, भांडणं कमी होतात. कोणाचं मशीन कुठे होतं यावर वाद नाही. भिंतीवर फक्त एवढं लिहिलंय की हलवायच्या आधी प्लग काढा, एकट्याने बँडसॉ हलवू नका, दांडी खुंटीला परत लावा. तिसरं कोणी पाळत नाही.

पावसाळ्यात अजून एक. जून ते सप्टेंबर कास्ट आयर्नच्या टेबलावर ओलाव्याचा थर येतो आणि लोक त्यावर ताडपत्री घट्ट बांधतात, तिच्या आतच घाम सुटतो आणि गंज उलट वाढतो. टेबलाला मेणाचं पॉलिश चोळून वर जुनी सुती चादर टाका. पायांच्या बोल्टनाही ग्रीस लावा, नाहीतर चवथीला मशीन हलवायच्या वेळी नट हलत नाही.

शेवटी वीज, कारण मशीन हललं की प्लग पण दुसरीकडे जातो. २ एचपीची सिंगल फेज मोटर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, आणि बारीक वायरचा लांब एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, बारीक वायरमधे व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती गुणगुणत उभी राहते, कपॅसिटर गेला असं समजून लोक कपॅसिटर बदलतात. अडीच स्क्वेअर एमएमची वायर, जेवढी आखूड तेवढी बरी, आणि मशीनच्या वाटेत आडवी नको, चाकाखाली येऊन चिरडते. थ्री फेज मशीन दुसऱ्या सॉकेटला लावलं आणि तिथे दोन फेज अदलाबदल असतील तर मोटर उलटी फिरते, रंध्यावर हे फार वाईट. म्हणून नवीन सॉकेटवर पहिल्यांदा लाकूड न घालता, बाजूला उभं राहून, बटण क्षणभर दाबून सोडायचं आणि पुली कुठल्या बाजूला फिरते ते बघायचं. उलटी फिरली तर इलेक्ट्रिशियनकडून कुठल्याही दोन फेज बदलून घ्या, आणि पुलीच्या कव्हरवर बाण रंगवून ठेवा.